आधी तिकीट, मग हार

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांच्या खांद्याला शेक देत होते. मिलिंद म्हणजे संघमित्राचा धाकटा भाऊ. त्याचं नाव स्क्रीनवर पाहून मला भीती वाटली नाही, कारण आदल्या संध्याकाळीच मी तिला हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते. डेंग्यू होता, पण प्लेटलेट्स वाढायला लागल्या होत्या आणि एक-दोन दिवसांत घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी फोन उचलून सरळ विचारलं, "कधी सोडतायत रे?" मग तो म्हणाला, "ताई... मित्रा गेली." आजोबा खांदा उघडा टाकून माझ्याकडं बघत राहिले. शेकाची पिशवी माझ्या हातात तशीच गरम होती.

आदल्या संध्याकाळी ती उशाला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, हाताला सलाईन, पण बोलणं नेहमीसारखंच. "ए कुलकर्णी, इथून सुटले की तुझ्या त्या बूटवाल्या पेशंटकडं जायचंय आपल्याला. क्लासच्या तीन पोरी कापडी बुटांवर खेळायल्यात. त्याचा गुडघा कसाय आता?" मी म्हटलं, बराच बराय. "मग हीच वेळ. पुरता बरा झाला की नाय द्यायचा काही." आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स आत येऊन रागावली. पाच आठवडे झाले आता या गोष्टीला. त्या बूटवाल्यांचा गुडघा पुरता बरा झालाय.

संघमित्रा हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात, छावणीतल्या गल्लीत, मैदानावर ती मित्राच. तलवारबाजी खेळायची. एवढं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं मिरवणुकीतला दांडपट्टा उभा राहतो, हा अनुभव आम्ही दोघींनी इतक्या वेळा घेतलाय की नंतर नंतर आम्ही दुरुस्तीसुद्धा करत नसू. पांढरा पोशाख, तोंडावर जाळीचा मास्क, हातात लवचिक पोलादी पातं आणि त्या पात्याचं टोक समोरच्याच्या अंगाला टेकलं की पेटणारा दिवा... असा तो खेळ. आमच्या शहरात तो कित्येक वर्षं खेळला जातो, इथल्या मुलांनी त्यात नाव काढलंय, आणि तरीही भर बाजारात, गुलमंडीवर उभं राहून चार जणांना विचारलं तर तिघं खांदे उडवतील.

आमची ओळख अकरावीतली. मी या खेळात आले ती आईमुळं. मुलीनं काहीतरी खेळावं, पण उन्हात काळं पडू नये, असा तिचा हिशोब. तलवारबाजी छपराखाली चालते. मित्रा आली ती डावखुरी होती म्हणून. तिच्या शाळेच्या सरांना संघात एक डावरी मुलगी हवी होती. भेटलो त्या पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. मी दोन वर्षं शिकलेली, ती दोन आठवडे. तिनं मला एकही दिवा लावू दिला नाही. मास्क काढला तर घामानं निथळलेला, लाल झालेला चेहरा आणि त्यावर अपराधी हसू. "लागलं का गं?" म्हणाली. पुढची बावीस-तेवीस वर्षं ती मला आडनावानं हाक मारत आली आणि मी तिच्याकडून हरत आले.

तिचं घर छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आजोबा फुलंब्रीकडच्या एका खेड्यातले. त्यांनी धम्माची दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली आणि बायकोपोरांसह शहराची वाट धरली. वडील एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले, परीक्षा देत देत कारकून झाले. मोजकं बोलणारा माणूस. शर्टाची घडी कधी मोडलेली नाही. या घराचा एक नियम होता, तो कुणी कधी भिंतीवर लिहिला नव्हता, पण मलाही पहिल्या भेटीत कळला. शेजारी साखर मागायला जायचं नाही. साखर संपली तर त्या दिवशी चहा व्हायचा नाही. कुणापुढं हात पसरायचा नाही म्हणजे नाही.

आणि आमचा खेळ तर असा की हात पसरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. पातं परदेशातून यायचं, मास्क महाग, धाग्यात धातू विणलेलं ते जॅकेट तर त्याहून महाग. मित्रा बरीच वर्षं इतरांच्या उतरलेल्या सामानावर खेळली. माझं जुनं जॅकेट तिनं शिवणी उसवून वापरलं. त्याच जॅकेटवर ती राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेऊन आली आणि काही दिवसांनी सरांचा फोन आला. आशियाई पातळीवरच्या स्पर्धेसाठी भारतीय संघात तिची निवड झाली होती. ती ओरडली, मी ओरडले, मिलिंदनं दाराबाहेर जाऊन गल्लीला सांगून टाकलं. सरांनी मात्र शेवटी एक शब्द जोडला होता, तो तिनं रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाला सांगितला नाही. स्वखर्चानं. विमानाचं तिकीट, राहणं, प्रवेशशुल्क, सगळं खेळाडूनं भरायचं. मुदतीच्या आत भरलं नाही तर यादीतला पुढचा खेळाडू जाणार.

वडील म्हणाले, फंडातून काढतो. ती म्हणाली, नाय, तो मिलिंदच्या इंजिनिअरिंगचाय. मग तिनं स्पॉन्सरची गोष्ट काढली. मी तिथंच बसले होते, म्हणून ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"स्पॉन्सर म्हंजी काय?" बाबांनी विचारलं.

"कंपनी खर्च करती, आपण कपड्यावर तिचं नाव लावायचं."

"कंपनीला कोण सांगणार?"

"आपण जाऊन सांगायचं."

"म्हंजी मागायचंच ना?" ते ताटावरून उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. "माझ्या आज्यानं गावात दारोदार भाकर मागितली. माझ्या बापानं ते सोडलं. आता तू इंग्रजीत मागणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवर मागं बसून मित्रा वाळूजला, कंपन्यांच्या दारात आली.

आम्ही वाळूज केलं, चिकलठाणा केलं, शेंद्र्यापर्यंत गेलो. खांद्यावरची ती लांबलचक बॅग पाहून एका गेटवरच्या वॉचमननं आम्हाला छत्र्या विकणाऱ्या समजून परत पाठवलं. एके ठिकाणी साहेब खरोखर चांगले होते, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "क्रिकेट असतं तर काहीतरी करता आलं असतं." आणखी एकांनी विचारलं, दसऱ्याला शस्त्रपूजेला तलवार घेऊन याल का? मित्रा त्या सगळ्यांना "थँक्यू सर" म्हणायची आणि बाहेर येऊन स्कूटीला किक मारायची. बटण स्टार्ट चालू असलं तरी किकच मारायची. तेवढाच राग ती काढायची.

एका साबण आणि उटणं करणाऱ्या कारखानदारांनी मात्र आम्हाला दुसऱ्यांदा बोलावलं. आमच्या आशा वाढल्या. मी घरून आईचे लाडू नेले होते, ते आम्ही गेटबाहेर उभं राहून खाल्ले, शकुन म्हणून. साहेबांनी आमचे फोटो आधीच मागवले होते. ते टेबलावर ठेवून ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हीच का जात नाही? तुमचा सगळा खर्च आम्ही करतो." मी म्हटलं, सर, निवड हिची झालीय, मी राखीवमध्येसुद्धा नाही. ते म्हणाले, "ते खरं आहे, पण आमचा माल कसला आहे बघा ना. जाहिरातीत चेहरा जरा उजळ लागतो." मला उठून जावंसं वाटलं. मित्रानं शांतपणे आपला फोटो उचलून बॅगेत ठेवला आणि म्हणाली, "सर, आमच्यात मास्क घालून खेळतात. तोंड कुणाचंच दिसत नाय."

परतीच्या वाटेवर मी रडत होते आणि गाडी ती चालवत होती. मध्येच मागं न बघता म्हणाली, "तू काहून रडायलीस? तुला तर मिळालं होतं." मग थोड्या वेळानं, "माझ्या पाठीवर रडू नको गं. शर्ट एकच इस्त्रीचाय."

मुदत जवळ आली तेव्हा शहरातला एक पुढारी धावून आला. त्याचं नाव लिहायची गरज नाही, असे प्रत्येक गावात असतात. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं आणि त्यानं निरोप पाठवला, आपल्या शहराची लेक आहे, सगळं मी बघतो. एक कार्यक्रम करू, त्यात मदत देऊ. कार्यक्रमाची तारीख दोनदा पुढं गेली, कारण त्याच्या सोयीचा मोठा पाहुणा मिळत नव्हता. अखेर झाला. मांडव, हार, शाल, नारळ, बुके. आणि दारापेक्षा मोठा थर्माकोलचा चेक, त्यावर मित्राचं नाव आणि आकडा. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले. त्यांना वाटलं असणार, मागितलेलं नाही, आपणहून दिलंय... फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, "छावणीची कन्या परदेशी भरारी घेणार."

तो चेक घरी आणणं हे एक दिव्यच झालं. ती स्कूटी चालवत होती आणि मी मागं बसून तो दोन्ही हातांनी धरला होता. नगर नाक्याजवळ वारा असा आला की चेकचं शीड झालं आणि आम्ही दोघी गाडीसकट आडव्या होता होता वाचलो. रिक्षावाले थांबून हसायला लागले. कुणीतरी नाव वाचलं, पेपरातलं आठवलं आणि टाळ्या वाजवल्या. मित्रानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून, पायाशी पडलेल्या चेकसमोर, सामना सुरू होताना करतात तसा सल्यूट ठोकला. तिला इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही क्वचितच.

खरा चेक आलाच नाही. ऑफिसात गेलो की साहेब मुंबईला. साहेब आले की अकाउंटवाला सुट्टीवर. पुढच्या सोमवारी या. बाबांनी शेवटी फंडाचा अर्ज केला, तिला न विचारता. पण ते पैसे हाती येईतो मुदत उलटली होती. संघटनेनं पुढचं नाव घेतलं. संघ गेला.

आणि इकडं गल्लीत पेढे वाटून झाले होते. बाजारात लोक थांबवून विचारत होते, विमान कधीचंय? मित्राच्या आईला ते सोसेना. तिनं तोड काढली ती आईनंच काढावी अशी. संघ ज्या दिवशी निघाला त्या दिवशी पहाटे तिनं मित्राला बॅग देऊन घराबाहेर काढलं आणि गंगापूरच्या पुढं एका गावात मावशीकडं पाठवून दिलं. पंधरा दिवस तिथं राहा, मग ये. लोकांना वाटंल, जाऊन आली. बाबा सगळं बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मी तिला भेटायला गेले. गंगापूरपर्यंत एसटीनं, पुढं जीपमध्ये दाटीवाटीनं. मावशीच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. मित्रा कमरेला ओटी बांधून बायकांच्या ओळीत वेचत होती, हाताला पऱ्हाटीचे ओरखडे. मला पाहून ओळ सोडून बांधावर आली. आम्ही बसलो. बराच वेळ ती बोटांतली सरकी काढत बसली. मग म्हणाली, "आज माझी पहिली मॅच असती." मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाशील. ती म्हणाली, "जाईन गं. पण हे जे करायलेय ना मी आता, लपून बसायचं... हे हरण्यापेक्षा वाईटाय. मी कधी मास्कमधून खोटं बोलले नव्हते. आता उघड्या तोंडानं बोलणारेय."

ती परत आली तो शनिवार होता. रविवारी सकाळी ती विहारात वंदनेला गेली. मी तिच्यासोबत होते, कारण तिनंच बोलावलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. वंदना संपली, लोक सतरंजीवरून उठायला लागले, कुणीतरी हौसेनं म्हणालं, आता मित्रा सांगंल तिकडचं काहीतरी. ती उठली. हात मागं बांधलेले, शाळेत धडा म्हणायला उभं राहतात तशी. म्हणाली, "मी गेलेच नव्हते. मावशीकडं कापूस वेचत होते. तो चेक थर्माकोलचा होता, तेवढाच होता. तुम्ही पेढे खाल्ले, मला माफ करा." एवढंच. आई डोक्यावरचा पदर ओढून रडायला लागली. बाबा खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

मग आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या वच्छलाआजी, वय झालेल्या, कानानं जरा कमी, त्यांनी शेजारणीला विचारून घेतलं पोरगी काय म्हणाली ते. आणि कडाडल्या. "मग आमाला सांगायचं नाय व्हय? त्या हारवाल्याच्या दारात जाऊन बसली, आन् आमी काय मेलो हुतो? पोरगी कुणाचीय? त्याची का आमची?" त्या मित्राला शिव्या देत होत्या आणि रडत होत्या. त्यानंतर सगळेच बोलायला लागले, एकदम, भांडल्यासारखे.

त्या वर्षी हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं तेव्हा बाबा स्वतः तिच्याबरोबर बाजारात फिरले. बोलले काहीच नाहीत. ती दुकानात शिरून सांगायची आणि ते तिच्या मागं एक पाऊल अंतर ठेवून, घडीच्या शर्टात, ताठ उभे राहायचे. मला वाटतं, त्या माणसानं आयुष्यात केलेली ती सगळ्यात अवघड गोष्ट असेल.

पुढच्या वर्षी जाशील, असं मी बांधावर म्हटलं होतं. ते झालं नाही. राष्ट्रीय स्पर्धेतच तिच्या उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, ती पुन्हा खेळली, बरी खेळली, पण ती झेप परत आली नाही. तो गुडघा कितीतरी महिने माझ्याच टेबलावर होता. मी फिजिओथेरपी शिकत होते तेव्हा. व्यायाम देताना ती छताकडं बघत पडायची, दुखलं तरी आवाज काढायची नाही. एकदाच म्हणाली, "कुलकर्णी, खरं सांग. संपलंय ना?" मी खरं सांगितलं. तिनं उशी तोंडावर घेतली आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच पडून राहिली. मग उशी बाजूला करून म्हणाली, "चल, वाकवायला घे."

एका खासगी शाळेत तिला खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली, कंत्राटी, आणि ती शेवटपर्यंत कंत्राटीच राहिली. लग्नाचा विषय आला की म्हणायची, आधी पोरींना शिकवायला हॉल बघून द्या. हॉल मिळाला तो एका मंगल कार्यालयाचा. मालक म्हणाले, पैसे देणं जमणार नाही, पण लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी संध्याकाळी वापरा. मग तिचे क्लास पंचांग बघून चालू झाले. लग्नसराईत पोरी गच्चीवर खेळायच्या, खाली वाजंत्री. भटजींना लागणार नाहीत इतक्या तिथी तिला पाठ झाल्या होत्या. हॉलच्या भिंतीला तिनं तो थर्माकोलचा चेक टांगला होता. लहान पोरी त्यावर नेम धरायला शिकायच्या. वर्षभरात आकडा दिसेनासा झाला, नंतर नावही, नुसती भोकं उरली. एक दिवस तो मधोमध मोडला आणि तिनं तो झाडलोटीत टाकून दिला.

कंपन्यांकडं ती पुन्हा गेली नाही. ती छावणीत फिरायची, पदमपुऱ्यात, पैठण गेटपाशी, आणि आख्खा खर्च कुणाकडंच मागायची नाही. एकाकडं हातमोजा, एकाकडं एका बाजूचं रेल्वेचं तिकीट, कुणाकडं स्पर्धेतल्या दोन वेळच्या जेवणाचा भार. बँडवाला, शिंपी, टायरचं दुकान, मेडिकल, कटलरीवाला. पोरीला बरोबर न्यायची आणि तिलाच बोलायला लावायची. मध्ये कुणी हौशी माणूस सत्काराची गोष्ट काढायचा, मैदानात कार्यक्रम घेऊ, पाहुणे बोलवू. तिचं उत्तर ठरलेलं होतं, गोड आवाजात, पण हलायचं नाही. "आधी तिकीट, मग हार." पुढं पुढं बाजारातले लोकच तिला लांबून तसं ओरडायचे. "काय मॅडम, आधी तिकीट?" आणि ती हात वर करायची.

मागच्या वर्षी तिची ऋतुजा परदेशी गेली. ऋतुजा फुलंब्रीची, वडील शहरात रोज ये-जा करून एका वर्कशॉपमध्ये काम करतात. कनिष्ठ गटात तिची निवड झाली तेव्हाही तोच शब्द होता, स्वखर्चानं. मित्रानं मुदतीच्या कितीतरी आधी भरणा केला. कसा केला ते तिला आणि छावणीला ठाऊक. निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. पोरीच्या गळ्यात हार होते, आई रडत होती, बँडवाल्यानं दोन माणसं पाठवली होती ती प्लॅटफॉर्मवर वाजवत होती. गाडी हलली आणि मी सहज विचारलं, "कसं वाटतंय?" मला वाटलं, म्हणेल, माझंच स्वप्न पुरं झालं, वगैरे. ती गाडीच्या शेवटच्या डब्याकडं बघत म्हणाली, "हेवा वाटायलाय गं. खोटं कशाला बोलू. लई हेवा वाटायलाय त्या लेकराचा." आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

ऋतुजा दुसऱ्याच फेरीत हरली. फोनवर रडत होती. मित्रा स्टाफरूमच्या बाहेर उभी राहून तिला सांगत होती, मी शेजारी होते. "हरलीस ना? मग झालं. तिथं जाऊन हरलीस बाळा. घरी बसून नाय हरलीस."

त्यानंतर वर्षही झालं नाही. साधा ताप म्हणून ती तीन दिवस शाळेत जात राहिली. हॉस्पिटलात भरती केल्यावर प्लेटलेट्स लागल्या तेव्हा मिलिंदनं एक मेसेज टाकला होता आणि रक्तपेढीच्या बाहेर निम्मा बाजार उभा राहिला. बँडवाला, टायरवाला, वच्छलाआजींचा नातू. त्या स्वतः आता नाहीत. लोकांना परत पाठवावं लागलं. एवढं सगळं असून... शेवटच्या रात्री आत रक्तस्राव सुरू झाला, आणि तो थांबला नाही. डॉक्टरांनी मला नंतर शास्त्र समजावून सांगितलं. मला ते आधीच माहीत होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिच्यासाठी केलेल्या जलदानविधीच्या दिवशी बाबांना मी खूप दिवसांनी नीट पाहिलं. पंच्याहत्तरीच्या घरात आलेत. घडीचा पांढरा शर्ट. आलेल्या प्रत्येकाला हात जोडत होते. माझ्याजवळ आले आणि विचारलं, "पोरींचा सराव बंद नाय ना पडला?" मी म्हटलं, ऋतुजा घेते आहे बाबा, रोज घेते. "बरं," म्हणाले. मिलिंदनं येऊन त्यांना धरलं.

गेल्या आठवड्यात मला छावणीत जावं लागलं. भाचीच्या मुलीला वाढदिवसाचा फ्रॉक घ्यायचा होता. ज्या दुकानात शिरले तिथला कापडवाला मला ओळखत नव्हता, मीही त्याला. दुकान अरुंद, कपडे थेट छतापर्यंत टांगलेले. वरचा एक पिवळा फ्रॉक मी दाखवला. त्यानं कोपऱ्यातून एक काठीसारखं काहीतरी उचललं आणि मी जागच्या जागी थांबले. ते आमच्या खेळातलं मोडकं पातं होतं. पाती खेळता खेळता मोडतात, नेहमीच. याचं मोडलेलं टोक घासून बोथट केलेलं, थोडं वाकवून आकडा केलेला, आणि धरायच्या जागी सायकलच्या हँडलची लाल टेप, डाव्या हातानं गुंडाळतात तशी उलटी गुंडाळलेली.

मी विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, "मॅडमनी दिलं. पोरीला हातमोजे दिले होते मी, त्याचं. फोटो काढता का म्हणलं तर म्हणाल्या, फोटो नाय, हे घ्या, उपयोगी पडंल. लई जणांकडंय इथं. बँडवाला तर त्यानं पडदे सारतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी त्यांच्या ओळखीच्या दिसता. हे आता घरी नेऊन द्यावं का? त्यांच्या वडलांकडं?"

मी म्हटलं, राहू द्या. तुमच्याकडंच राहू द्या.

"व्हय," तो म्हणाला, "लागतं मला रोज." त्यानं हात उंच केला, टाचा उचलल्या, पात्याचं टोक हँगरच्या कडीत अलगद अडकवलं आणि तो पिवळा फ्रॉक, बाजूच्या एकाही कपड्याला धक्का न लावता, खाली उतरवला.